जुनी जिप्सी, काळी माती आणि वापसा

बारामती तालुक्यातल्या माणसाला गाव विचारलं, की तो नावाबरोबर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो: आम्ही बागायती पट्ट्यातले, किंवा आम्ही जिरायती भागातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याने ही वाटणी करून ठेवली. पुढे उजनीच्या पाण्याने इंदापूरच्या उत्तर कडेला तशीच दुसरी वाटणी केली. कालव्याच्या पाण्याखाली माळेगाव, सणसर, भवानीनगर, लासुर्णे अशी उसाची गावं आणि खोल काळी माती. वरच्या अंगाला सुपे, शिर्सुफळ, उंडवडी, कडबनवाडी इथले मुरमाड माळ. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मनात असेल तेव्हा. जुनी फोर-व्हील गाडी घेऊन आडवाटेला हिंडण्याची, एखादी रात्र तंबूत काढण्याची हौस असलेल्या माणसाने गॅरेजमध्ये जाण्याआधी ही वाटणी नीट पाहून घ्यावी. गाडीत कुठे पैसे घालायचे हे तिच्यावरच ठरतं.

मोबाईलवर दिसणाऱ्या बहुतेक सजवलेल्या गाड्या ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटासाठी किंवा अमेरिकेतल्या खडकाळ दऱ्यांसाठी बांधलेल्या असतात. तिथे शेकडो किलोमीटर पेट्रोलपंप नसतो, पुरुषभर उंचीच्या दगडांवरून गाडी चढवायची असते. आपल्याकडे कडबनवाडीच्या माळावर पुरुषभर उंचीचा दगड नाही, आणि कुठेही अडकलात तरी तासाभराच्या पायपिटीत एखादी वस्ती आणि वस्तीवर एक ट्रॅक्टर हमखास सापडतो. इथल्या अडचणी वेगळ्या आहेत. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, ओली काळी माती, वेड्या बाभळीचे काटे, एप्रिल-मेमधलं चाळिशीपार ऊन आणि मुरमाची बारीक धूळ. या पाचांपैकी एकाही अडचणीवर चार इंच उंच केलेली गाडी आणि तिच्या पुढचा लोखंडी बंपर हा उपाय नाही. तरी हौशी माणसाचे पहिले पैसे तिथेच जातात.

जुनी गाडी म्हटलं की आपल्या भागात तीन-चार नावं निघतात. महिंद्राने 1947 साली विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि पुढची कित्येक दशकं ग्रामीण महाराष्ट्रात चारचाकी म्हणजे जीपच. त्या घराण्यातली एमएम 540 ही प्यूजोच्या परवान्यावर बनलेल्या 2112 सीसीच्या डिझेल इंजिनाची. तिच्या नंतरच्या भावंडांना महिंद्राचं डीआय इंजिन मिळालं. मारुती जिप्सी 1985च्या डिसेंबरात आली तेव्हा इंजिन होतं 970 सीसीचं, ताकद जेमतेम 45 अश्वशक्ती. 1996मध्ये जिप्सी किंग आली, 1298 सीसी आणि 60 अश्वशक्ती. 2000च्या सुमारास इंधन फवारणारी एमपीएफआय पद्धत आली आणि ताकद 80वर गेली. सामान्य गिऱ्हाइकासाठी 2019मध्ये ती बंद झाली, लष्कराची मागणी मात्र त्यानंतरही होती. पहिल्या पिढीची थार 2010 ते 2020 अशी दहा वर्षं चालली. तिच्या सीआरडीई मॉडेलला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे होते. आकुर्डीच्या फोर्स कंपनीची गुरखा संख्येने कमी, पण तिच्या काही मॉडेलना दोन्ही ॲक्सलचे लॉक आणि उंच नळीतून हवा घेणारा स्नॉर्कल कारखान्यातूनच मिळाला.

यातली एकच निवडायची तर मी जिप्सी निवडेन. कारण तिचं वजन. रिकामी जिप्सी साधारण एक टनाची. एमएम 540चं इंजिन कमी फेऱ्यांवरही ओढून नेतं आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतं, पण मऊ जमिनीवर जड गाडीच्या नशिबी आधी रुतणंच येतं. अर्थात, घरात आजोबांची एमएम 540 उभी असेल तर ती विकून जिप्सी घ्या असं मी म्हणणार नाही. घरची गाडी दुरुस्त करायला लागणारा धीर बाजारातून आणलेल्या गाडीला कुणी देत नाही.

लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी घेणार असाल तर आधी कागद बघा, मग इंजिन. लिलावाची पावती, नागरी नोंदणी, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर एकमेकांशी जुळत नसतील तर ती गाडी अंगणातली शोभा म्हणूनच राहते.

गाडी दारात आली, की पहिली पायरी म्हणजे तिला मूळच्या अवस्थेत आणणं. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून कुणाला आवडत नाही. पण वीस-पंचवीस वर्षं झालेल्या गाडीत सर्वांत मोठी सुधारणा याच कामाने होते. सुरुवात ब्रेकपासून करावी. जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम असतात, जिप्सीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. व्हील सिलिंडरचे रबर वाळलेले असतात, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आतून गंजलेल्या असतात आणि रबरी नळ्या फुगलेल्या. हे सगळं एकदम बदलावं, एकेक करून नाही. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहतं आणि पहिला ब्रेक लागतच नाही. म्हणून पाण्यातून वर आल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं. ड्रम तापतो, पाणी उडतं.

मग स्टिअरिंग आणि पुढचा ॲक्सल. किंगपिनची बेअरिंगं झिजली आणि टाय-रॉडच्या टोकांना खेळ आला की साठच्या वेगात एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातातून सुटेल असं थरथरू लागतं. अनेक जण त्यावर स्टिअरिंग डॅम्पर लावतात. डॅम्पर थरथर झाकतो, झीज भरून काढत नाही. पाट्यांचे बुश आणि शॅकल बदलणं हे तसं स्वस्तातलं काम, पण त्याने गाडीची चाल ओळखू येणार नाही इतकी बदलते. पाट्यांच्या बाबतीत हा भाग नशीबवान आहे. उसाच्या ट्रक आणि ट्रॉल्यांमुळे पाटे काढून, बसलेली कमान पुन्हा देणारे कारागीर इथे शोधत फिरावं लागत नाही. बसलेले पाटे मूळ कमानीला आणले की गाडी कुठलाही नवा भाग न घालता एक-दोन इंच वर येते. लिफ्ट किट घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना खरं तर एवढंच हवं असतं.

थंड ठेवण्याची व्यवस्था ही इथली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. फोर-लोमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या हळू पण जोराच्या गिअरमध्ये, ताशी आठ-दहा किलोमीटरने माळ चढताना इंजिन भरपूर फिरतं, पण समोरून वारा लागत नाही. सगळा भार रेडिएटर आणि पंख्यावर. त्यातच इथल्या बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच पाणी ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि निम्म्या नळ्या बंद होतात. डांबरी रस्त्यावर काटा मधोमध राहतो म्हणून मालक निर्धास्त असतो. मे महिन्यात शिर्सुफळच्या माळावर तोच काटा लाल रेषेला टेकतो. रेडिएटर खोलून नळ्या साफ करून घ्या, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदला आणि पुढे कायम कूलंट व शुद्ध केलेलं पाणीच घाला. एअर फिल्टरकडेही तितकंच लक्ष हवं. मुरमाची धूळ पिठासारखी बारीक असते, आणि फिल्टर व इंजिन यांच्यामधला रबरी पाइप तडकलेला असेल तर ती थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा खाते. जुन्या जीपचा तेलात बुडवलेला एअर क्लीनर या कामात अजूनही चांगला आहे. फक्त त्यातलं तेल बदलायचं असतं, हे विसरलं जातं.

हे सगळं झाल्यावर टायर.

टायरबद्दल थोडं गणित केलं की निम्मे वाद मिटतात. नंतरच्या जिप्सी किंगचा मूळ टायर 205/70 आर 15, म्हणजे व्यास साधारण 668 मिलिमीटर. हौशी लोक त्यावर 235/75 आर 15 चढवतात, व्यास सुमारे 733. फरक 65 मिलिमीटरचा, पण ॲक्सल वर येतो त्याच्या निम्मा, म्हणजे जेमतेम सव्वा इंच. त्या सव्वा इंचासाठी काय मोजावं लागतं ते पाहा. चाकाचा घेर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी 'उंच' झाला आणि मुळातच अशक्त इंजिनाला चढावर एक गिअर खाली यावं लागलं. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने पळत असते. ब्रेकला मोठं आणि जड चाक थांबवायचं असतं. स्टिअरिंग जड होतं, पूर्ण वळवलं की टायर पाट्याला किंवा मडगार्डला घासतो. मधला मार्ग म्हणजे 215/75 आर 15: व्यास सुमारे 703, वाढ पाच टक्क्यांची. इथल्या जमिनीला मी तोच पुरेसा मानतो, आणि तोही एटी, म्हणजे रस्त्यावर आणि रानात दोन्हीकडे चालणारा.

चिखलासाठी मोठ्या गठ्ठ्यांचा एमटी टायर घ्यावा की नाही, हा गॅरेजमधला आवडता वाद. सह्याद्रीच्या लाल चिखलात एमटीचा उपयोग निर्विवाद आहे. काळ्या मातीचं मात्र निराळं. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ही माती टायरला अशी धरते की दोन फेऱ्यांत खाचा बुजून टायरचं लाटणं होतं. मग एमटी काय आणि एटी काय. मातीचा थर मडगार्डपर्यंत साचतो आणि चाक फिरायचंच थांबतं. इथल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतला ओलावा नांगराला, पाळीला योग्य होईपर्यंत, म्हणजे वापसा येईपर्यंत, तो स्वतःचा ट्रॅक्टरसुद्धा रानात घालत नाही. पाणंदीच्या तोंडाशी उभा राहून तो म्हणतो, "पाव्हणं, थांबा दोन दिस, वापसा न्हाई अजून." चार चाकांना ताकद देणारी गाडी जवळ असलेल्या माणसाला हे ऐकायचं नसतं. ऐकावं. त्या वाटेवरून गाडी घालून तुम्ही स्वतः अडकताच, शिवाय पाडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढे महिनाभर दुधाच्या मोटारसायकली तिच्यात आपटत राहतात.

टायरमधली हवा ही सर्वांत स्वस्त सुधारणा. माल आणि माणसांसह जिप्सी 1,300 किलोची धरली तर प्रत्येक चाकावर सव्वातीनशे किलो येतात. 28 पीएसआय हवा असताना, टायरच्या बाजूंचा ताठपणा सोडून ढोबळ हिशेब केला, तर प्रत्येक टायर जमिनीला दीड-पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा 15वर आणली की तेच क्षेत्र जवळपास दुप्पट होतं, कारण टायर लांबीत पसरतो. कऱ्हा नदीच्या वाळूत किंवा भुसभुशीत मुरमात याने जे साधतं ते हजारो रुपयांच्या लोखंडाने साधत नाही. पण हवा कमी केल्यावर वेग कमी ठेवायचा, झटक्याने वळायचं नाही, नाहीतर टायर रिंगमधून सुटतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा हवा भरायची. म्हणून बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज हे या गाडीचं पहिलं सामान. दुसरं सामान पंक्चरचं किट. वेड्या बाभळीचा काटा टायरच्या तळात घुसला तर ट्यूबलेस टायर दहा मिनिटांत वात घालून दुरुस्त होतो, बाजूच्या भिंतीत घुसला तर स्टेपनीच. काटेरी झुडपाला घासून गाडी काढण्यापेक्षा उतरून कोयत्याने फांदी बाजूला करावी. सावकाश होतं, पण स्वस्त पडतं.

आता उंचीबद्दल. उसाच्या पट्ट्यातल्या पाणंदी हिवाळ्यात पाहिल्या तर चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती वर असतो ते कळतं. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्याच वाटा खोल करत जातात. या उंचवट्याला गाडीचा तळ लागत नाही, डिफरन्शियलचा गोळा लागतो. लिफ्ट किटने चॅसी आणि बॉडी वर जाते, पण गोळा असतो ॲक्सलवर, आणि ॲक्सल फक्त टायरच्या व्यासाने वर येतो. चार इंच लिफ्ट करूनही गोळा जिथे होता तिथेच. उलट गुरुत्वमध्य वर गेल्याने तिरक्या बांधावर गाडी लवकर कलंडते, प्रॉपेलर शाफ्टचे कोन वाढून जॉइंट खातात, ब्रेकच्या नळ्या ताणतात. यावरचं उत्तर लोखंडात नाही, स्टिअरिंगवर आहे. एक चाक उंचवट्यावर आणि एक चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवून चालायचं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तर उलट्या गिअरमध्ये मागे जायचं तुम्ही. बारा-पंधरा टनांची ट्रॉली मागे जात नसते.

फोर-व्हीलचं तंत्रही समजून घेतलं पाहिजे. जिप्सी आणि जुन्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोर-व्हील लावली की दोन्ही ॲक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून मऊ जमिनीवर चाकं थोडी घसरून हिशेब जुळवतात. डांबरावर घसरायला जागाच नाही, तिथे ताण गिअरांवर येतो आणि ट्रान्सफर केस मोडते. पुढच्या हबला हाताने लॉक असेल तर रानात शिरण्याआधी ते फिरवायचं. गाडी बुडाल्यावर चिखलात हात घालून फिरवण्याची वेळ आणू नये. दुसरी गोष्ट, साधं डिफरन्शियल ताकद सोपा रस्ता असलेल्या चाकाकडे सोडतं, म्हणजे नेमकं हवेत लोंबकळणाऱ्या चाकाकडे. 2015च्या थारपासून मागच्या ॲक्सलला आपोआप लॉक होणारं यांत्रिक डिफरन्शियल मिळू लागलं, त्याचा फायदा ओढ्याच्या तिरक्या काठावर लगेच कळतो. जिप्सीत नंतर लॉकर बसवता येतो, पण मूळ ॲक्सल शाफ्ट बारीक आहेत. मोठे टायर आणि लॉकर दोन्ही घातले की कमजोर कडी म्हणून तेच तुटतात.

इथली सर्वांत फसवी जमीन उजनीच्या काठाची. भीमेवरचं हे धरण 1980मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा 117 टीएमसीच्या आसपास आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. हिवाळ्यापासून पाणी उतरू लागलं की भिगवण, कुंभारगाव, पळसदेव, कळाशीच्या बाजूला मैलोगणती गाळाची जमीन उघडी पडते. शेतकरी त्यावर गाळपेर करतात. पाणी फारच खाली गेलं तर पळसदेवचं जुनं मंदिर बाहेर येतं आणि बघ्यांच्या गाड्या काठाकाठाने खाली उतरू लागतात. वर वाळलेली, भेगाळलेली पापडी दिसते. तिच्यावर माणूस चालतो, गाय चालते, म्हणून गाडीही चालेल असं वाटतं. पापडीखाली वितभर-हातभर खोलीवर ताकासारखा पातळ गाळ असतो. चाक एकदा पापडी फोडून आत गेलं की ॲक्सल जमिनीवर टेकतो, आणि तिथे विंचही निरुपयोगी, कारण दोर अडकवायला झाड नाही. रोहित पक्षी बघायचे तर स्थानिक मच्छीमारांच्या होड्या आहेत. गाडी पक्क्या काठावर ठेवून होडीत बसावं.

अडकलेली गाडी काढायचं सामान थोडं पण खात्रीचं असावं. पुढे आणि मागे चॅसीला नटबोल्टने पक्का बसवलेला टो-हूक हा पाया. बंपरला किंवा टो-बॉलला दोर बांधणं म्हणजे तोफगोळा तयार करणं. ताणाखाली तो तुटला तर काच फोडून माणसाच्या छातीत शिरतो. एक ताणला जाणारा पट्टा, दोन डी-शॅकल, एक रुंद फावडं, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी आणि रुतलेल्या चाकाखाली सारायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या. एवढ्यावर नव्वद टक्के प्रसंग निभावतात. तीस-चाळीस किलोची विंच आणि तिला पेलणारा लोखंडी बंपर पुढच्या पाट्यांवर टाकण्याआधी फावडं वापरून पाहा. आणि दोर ताणलेला असताना जवळ कुणालाही, विशेषतः व्हिडिओ काढणाऱ्याला, उभं राहू देऊ नका.

पाण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पर्जन्यछायेतले ओढे अकरा महिने कोरडे असतात म्हणून त्यांची भीती जाते. सप्टेंबर 2019च्या अखेरीस वरच्या पुरंदर भागात झालेल्या पावसाने कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत नदीकाठच्या लोकांना रात्रीत हलवावं लागलं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडलेलाच नसतो, तरी पाणी येतं. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, कितीही सपाट आणि वाळूची मऊ जागा दिसली तरी.

मुक्कामाच्या तयारीत खरी कसोटी वजनाची. चार माणसांचे पावणेतीनशे किलो, चाळीस लिटर पाण्याचे चाळीस किलो, लोखंडी कॅरियर, त्यावर पन्नास-साठ किलोचा छतावरचा तंबू, शेगडी, गॅस, खोकी. छोट्या गाडीची मर्यादा बघता बघता संपते, आणि यातलं बरंच वजन सर्वांत उंच जागी. इथला पाऊस आणि थंडी पाहता जमिनीवरचा साधा तंबू भागवतो. हिवाळ्यात तर मागच्या सीट काढून केलेल्या फळीवर दोघं झोपू शकतात. पाणी आणि जड खोकी तळाला, मागच्या ॲक्सलच्या पुढे, पट्ट्याने बांधून. गाडी उलटली तर सुटलेला पाण्याचा कॅन डोक्यावर येतो, ही अतिशयोक्ती नाही.

विजेचं पाहिलं तर छोटा फ्रिज, दोन एलईडी दिवे आणि फोन यांच्यासाठी दुसरी बॅटरी ठेवणं शहाणपणाचं, म्हणजे सकाळी इंजिन सुरू करायची बॅटरी शाबूत राहते. 100 एएचच्या साध्या बॅटरीत 1,200 वॉट-तास असतात, पण ती निम्म्याखाली रिकामी करू नये, म्हणून हाती येतात 600. सरासरी 40 वॉट खाणारा फ्रिज त्यावर पंधरा तास चालतो. जुन्या जिप्सीचा अल्टरनेटर लहान असतो, तो दोन्ही बॅटऱ्या लवकर भरेल अशी अपेक्षा ठेवू नये. आणि प्रत्येक जादा वायरला बॅटरीपासून वितभर अंतरात फ्यूज हवा. जुन्या गाड्या पेटतात त्यामागे पुष्कळदा घासून उघडी पडलेली अशीच एखादी वायर असते.

कायद्याकडे कानाडोळा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 स्पष्ट आहे: नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017मध्येच कळवलं होतं. वेगळ्या कंपनीचं इंजिन, कापलेली चॅसी, रुंद पसरलेले टायर, डोळे दिपवणारे जादा दिवे हे सगळं बारामतीच्या परिवहन कार्यालयात एमएच 42च्या गाडीची फेरनोंदणी करताना आडवं येतं. पंधरा वर्षांनंतर ही तपासणी दर पाच वर्षांनी आहेच, आणि सोबत पर्यावरण करही. वर सांगितलेली बहुतेक कामं, म्हणजे ब्रेक, पाटे, रेडिएटर, बुश, हवा, पट्टे, यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही. मूळ अवस्थेतल्या गाडीचा हाही एक फायदा.

राहिला प्रश्न गाडी घालायची कुठे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997पासूनचं, अवघ्या 5.14 चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यासाठी राखलेलं. शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या गवताळ माळांवर लांडगा, तरस, खोकड आहेत. उघडं, सपाट रान दिसलं की ती पडीक जागा समजून लोक गाड्या उधळतात. त्यातलं बरंचसं रान वन विभागाचं आहे आणि परवानगीशिवाय आत गाडी नेणं हा गुन्हा आहे. गुन्ह्यापेक्षा नुकसान मोठं. धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंडी मुरमाच्या रंगाची, गाडीतून दिसणं अशक्य. हिवाळ्यात लांडगीण बिळात पिल्लं घेऊन असते. वाळलेलं गवत तापलेल्या सायलेन्सरला चिकटलं तर अख्खा माळ पेटतो आणि धनगराच्या मेंढरांचा वर्षाचा चारा जातो. म्हणून माळावर शेकोटी अजिबात नाही, आणि दर थांब्यावर वाकून गाडीखालचं गवत काढायचं. वन विभागाने अलीकडे शिर्सुफळ आणि कडबनवाडीला ठरलेल्या मार्गांवर, स्थानिक मार्गदर्शकासह गवताळ प्रदेश सफारी सुरू केली आहे. नोंदणी करून, दिवसा, त्या मार्गावरूनच जावं. बाकी हिंडण्यासाठी गावोगावच्या पाणंदी आहेत. कालव्याच्या कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असतो, तो आपला समजू नये. मुक्कामासाठी एखाद्या शेतकऱ्याची बांधाकडेची मोकळी जागा विचारून घ्यावी. विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, आणि रात्री विहिरीची मोटर किती वाजता सुरू होईल तेही सांगून ठेवतात.

यंदा गाडी काढणार असाल तर पावसाळ्यात तिला गॅरेजला द्या आणि डिसेंबर उजाडेपर्यंत वाट पाहा. तोवर काळी माती घट्ट झालेली असते, ओढे उतरलेले असतात. लिफ्ट किटसाठी बाजूला ठेवलेले पैसे तोपर्यंत ब्रेक, रेडिएटर आणि चार बऱ्या टायरवर खर्च करून टाका.